गोव्यात तंबूत पहिली रात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत नरकासुर जाळून झाला, हवेत जरा गारवा आला की हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगावचे. रान त्यांच्या घरापासून तासाभरावर आहे, पण रानात रात्र काढलेली नाही. या सगळ्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी जाणवते. भीती वाटते ती वाघाची, सापाची, भुताची. आणि घात होतो तो पाण्याने, आगीने, नाहीतर माडावरून पडलेल्या नारळाने. म्हणून खाली प्रत्येक भीतीचे उत्तर दिले आहे, आणि ज्याची भीती वाटत नाही पण वाटायला हवी तेही सांगितले आहे.

१. आम्ही कधीच तंबूत झोपलेलो नाही. सुरुवात कुठून करावी?

स्वतःच्या अंगणातून. अंगण नसेल तर मामाच्या, काकाच्या, मित्राच्या कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून). तंबू भाड्याने किंवा उसना आणा, उजेडात ठोका आणि त्या रात्री खरोखरच त्यात झोपा. घराची कडी आतून लावून घेऊ नका, म्हणजे अर्ध्या रात्री उठून आत जायची मोकळीक राहील. ही मोकळीक असते म्हणूनच माणूस सहसा उठून जात नाही.

या एका रात्रीत बरेच काही कळते. मॅट पातळ आहे, चेन एका कोपऱ्यात अडकते, टॉर्च नेमका हवा तेव्हा सापडत नाही, मुलगा झोपेत गोल फिरतो. हे सगळे घरी कळलेले बरे.

दुसरी रात्र संडास-बाथरूम असलेल्या, मालक जवळच राहणाऱ्या जागी काढा. सत्तरी, सांगे, काणकोणात कुळागरांतून अशी सोय करणारी कुटुंबे आहेत. त्यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. सोबत माणसे हवी असतील तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा हिवाळ्यातला गोवा ट्रेक नवख्यांसाठी चांगला. मुक्काम तंबूत, जेवण त्यांचे, आणि तुमच्यासारखेच घाबरलेले दहा जण बरोबर.

२. कुठला महिना चांगला?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत. पणजीत जानेवारीच्या रात्री पारा साधारण वीसपर्यंत उतरतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून काही अंश खाली. तेवढी थंडी एका गोधडीत भागते. नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळा: गर्दी, लाऊडस्पीकर आणि चढे भाव. मार्चपासून उकाडा वाढतो, पाचोळा वाळतो आणि वणव्याचा धोका सुरू होतो (प्रश्न ११). पावसाळ्याचे वेगळे आहे, ते प्रश्न १६ मध्ये.

३. तंबू कुठेही ठोकला तर चालतो ना? किनारा तर सगळ्यांचाच असतो.

नाही चालत. रिकामी दिसणारी जागा कुणाची तरी असतेच: भाटकाराची (जमीनदाराची), कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची), देवस्थानची किंवा वनखात्याची. आधी विचारायचे, मग खुंटी ठोकायची.

गोव्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे, आणि घाटाकडचे बहुतेक चांगले रान त्यांच्यातच येते: म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. परवानगीशिवाय आत शिरणे आणि आग लावणे दोन्ही गुन्हे आहेत. वनखात्याची मुक्कामाची सोय असेल तिथेच राहायचे. बाकी अभयारण्यात दिवसा जाऊन संध्याकाळी बाहेर यायचे. चौकशी नाक्यावर करू नका, आधी खात्याच्या कार्यालयात करा. नियम हंगामाप्रमाणे बदलतात आणि नाक्यावरच्या गार्डला तुमच्यासाठी अपवाद करता येत नाही.

किनाऱ्यावरही मोकळीक नाही. २००१च्या पर्यटन स्थळांविषयीच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि पर्यटन स्थळी उघड्यावर दारू पिणे, स्वयंपाक करणे, बाटल्या फोडणे यांवर बंदी आली. मोरजी, मांद्रे-आश्वे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमक्या आपल्या हंगामात. उजेड आणि माणसांची वर्दळ दिसली की मादी अंडी न घालताच मागे फिरते, आणि पिल्ले समुद्र सोडून दिव्याकडे सरपटतात. या चार किनाऱ्यांवर तंबूचा विचारही करू नका, कुणी स्थानिक "काय होत नाही" म्हणाला तरी.

४. साप तंबूत शिरला तर?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

चेन पूर्ण लावलेल्या, तळ शिवलेल्या तंबूत साप शिरू शकत नाही. तो शिरतो उघड्या दारातून. त्यामुळे नियम एकच: आत जाताना, बाहेर येताना, "दोन मिनिटांत येतो" म्हणतानाही चेन लावायची. जोडे बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घालायचे. हे सापापेक्षाही विंचवासाठी जास्त गरजेचे.

माणसाला मारू शकणारे चार साप आपल्याकडे मुख्य: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस पाचोळ्यात निवांत पडून राहते, पाय पडला की चावते. फुरसे सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, दगडांत. सर्वात जास्त जपायचे ते मण्यारीपासून. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचे दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तेव्हा कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून "आज छान चांदणे आहे, बाहेरच अंथरूण टाकू" हे गोव्यातल्या रानात करू नका. तंबू किंवा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, दोहोंपैकी एक हवेच.

तंबूची जागा झाडून घ्या. दगडांचा ढीग, सरपण, वारूळ, गवताची गंजी यांपासून लांब राहा. खरकटे टाकू नका: खरकट्याला उंदीर येतो, उंदरामागे साप. रात्री टॉर्चशिवाय एक पाऊलही नको.

आणि चावलाच तर: माणसाला आडवे करा, हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा, चावलेल्या हाताला किंवा पायाला फळी बांधून तो स्थिर करा आणि १०८ला फोन करा. करकचून बांधणे, चिरा देणे, चोखणे, झाडपाला, मांत्रिक यांपैकी काहीही नको. साप मारून आणायचीही गरज नाही. आपल्याकडे मिळणारी सापाच्या विषावरची लस या चारही सापांवर चालते. हिरव्या चापड्यावर ती चालत नाही, पण त्याच्या दंशाने माणूस दगावणे विरळाच. तरी हॉस्पिटल गाठायचेच. निघण्यापूर्वी सापाची लस असलेले जवळचे सरकारी हॉस्पिटल कुठले, हे विचारून ठेवा.

५. वाघ, बिबट्या, गवे? बातम्या वाचून घरचे सोडत नाहीत.

म्हादईच्या रानात वाघ आहेत. २०२०च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले, तेव्हा सगळ्या गोव्याला ते कळले. पण वाघ माणसाची चाहूल लागताच बाजूला होतो, आणि परवानगीच्या जागी राहणाऱ्याला त्याचा ठसा दिसला तरी भाग्य समजावे. बिबट्या गावाजवळ फिरतो. त्याचे लक्ष कुत्र्यांवर असते (प्रश्न २०).

खरी काळजी घ्यायची ती गव्याची. गोव्याचा राज्यप्राणी, म्हशीहून कितीतरी थोराड, आणि दिसायला इतका शांत की लोक फोटोसाठी जवळ जातात. एकटा नर किंवा वासरू असलेली मादी दिसली तर थांबा, सावकाश मागे या, मध्ये झाड राहील असे बघा. टॉर्च डोळ्यांवर मारू नका, शिट्टी नको. पाणवठ्याजवळ किंवा मळलेल्या पायवाटेवर तंबू ठोकू नका. ती वाट माणसांनीच पाडलेली असते असे नाही. दोडामार्ग-तिळारीच्या बाजूला जाणार असाल तर तिथे हत्तींचा वावर आहे, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय मुक्काम नको.

६. आजी म्हणते, रानात देवचार असतो, रात्र काढू नये. तिला काय सांगू?

आजीला खोटे पाडायला जाऊ नका. देवचार, राखणदार ही आपल्या गावांची जुनी समजूत आहे. हातात चूड आणि काठी घेऊन तो रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, असेच आपल्यापैकी कितीतरी जण ऐकत वाढलो. त्या समजुतीने देवराया राखल्या. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय आज उभी आहे ती लोकांनी कुऱ्हाड लावली नाही म्हणून. तेव्हा देवराईत, देवळाच्या आवारात, स्मशानाजवळ, सीमेवरच्या देवस्थानापाशी तंबू ठोकायचा नाही, गावात शिरताना ज्येष्ठांना विचारायचे. एवढे पाळणार आहात असे आजीला सांगा. बहुधा ती नारळ ठेवायला सांगेल आणि परवानगी देईल.

आता आवाजांविषयी, कारण भीती खरी तिथून सुरू होते. रात्री रानात कुत्र्यासारखे भुंकते ते भेकर, एक लहान हरीण. लाकडावर ठोकल्यासारखे टक्‌-टक्‌-टक्‌ एकाच लयीत चालते तो रातवा पक्षी. बाई किंचाळल्यासारखे ऐकू येते ते मोठे घुबड. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा थरकाप होतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. छपरावर धप्प आवाज आणि नंतर फांद्यांची सळसळ: उदमांजर किंवा माकड. पाचोळ्यात कुणीतरी चालल्यासारखा आवाज बहुतेक वेळा उंदराचा नाहीतर सरड्याचा असतो. वाळलेला पाचोळा कुठलाही आवाज दहापट करून सांगतो.

पावसाळ्यात मोले, म्हादईकडे कुजलेल्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. ती बुरशी आहे. टॉर्च विझवून डोळे अंधाराला सरावू द्या. काटक्यांच्या कडेने बारीक ठिपके हळूहळू उजळत जातात, आणि एवढी मोठी काटकी आपण मघाशी पाहिलीच नव्हती असे वाटते. ज्याला भूत म्हणून पळावे ते असे बसून बघण्यासारखे असते.

७. संडासाचे काय? खरे सांगायचे तर यामुळेच येत नाही.

खरे सांगितलेत हे चांगले केलेत. निम्म्या लोकांचे कारण हेच असते, ते बोलत नाहीत इतकेच. पहिल्या दोन-तीन वेळा संडास असलेली जागाच निवडा आणि बुकिंग करताना स्पष्ट विचारा: संडास तंबूपासून किती पावलांवर, पाणी नळाला की बादलीत, रात्री दिवा असतो का, आतून कडी लागते का. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी जागा शोधा.

संडास नसेल तिथे: व्हाळ (ओढा), झर किंवा विहिरीपासून किमान सत्तर पावले लांब जा. कुदळीने वीतभर खोल खड्डा करा, झाल्यावर मातीने बुजवा. वरच्या वीतभर मातीतच किडे-जंतू जास्त असतात, तिथे ते लवकर कुजते. फार खोल पुरले तर उलट तसेच राहते. व्हाळात बसून धुवायचे नाही. पाणी बाटलीत घेऊन यायचे. टिश्यू, ओले रुमाल पुरायचे नाहीत. पिशवीत बांधून परत आणायचे. जाताना एकाला सांगून जा, रात्री जोडीने जा.

एक चूक फार होते: संडासाला लागू नये म्हणून लोक दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, लघवीची आग होते, पोट साफ होत नाही आणि दोष कॅम्पिंगला जातो. ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी रात्री झाकणाची बादली तंबूबाहेर आडोशाला ठेवा. यात काही कमीपणा नाही.

८. पाळी त्याच दिवसांत आली तर?

जायला हरकत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, जाड पिशवीत, झिपच्या डब्यात घालून घरी आणायचे. पुरायचे नाही, जाळायचे तर मुळीच नाही. कप वापरत असाल तर उकळलेले पाणी बरोबर हवे. वासाने जनावर येते ही भीती पुष्कळजणींना असते. आपल्या रानात त्याची धास्ती धरू नका. देवस्थानच्या जमिनीवर मुक्काम असेल तर तिथल्या लोकांची भावना आधी विचारून घ्या, म्हणजे ऐन वेळी मनाला लागेल असे कुणी बोलणार नाही.

९. डास, गोचीड, जळवा यांनी हैराण होऊ का?

डासांसाठी मलम, पूर्ण बाह्या आणि तंबूची जाळी पुरे.

गोचीड मात्र हलक्यात घेऊ नका. २०१५ सालापासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे होतो, आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे असा कोरड्या दिवसांचा. ज्या भागात माकडे मेल्याचे ऐकू येते तिथे त्या काळात मुक्काम करू नका, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. एरवीही वाळक्या पाचोळ्यावर थेट बसू नका, ताडपत्री घाला. पँट मोज्यांत खोचा. संध्याकाळी आंघोळ करताना गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला हात फिरवून बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. रॉकेल, विडीचा चटका नको. परत आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला "सत्तरीच्या रानात गेलो होतो" हे आपणहून सांगा.

जळवा पावसाळ्यात. किळस येते, पण त्या रोग देत नाहीत. नखाने किंवा कार्डाने कडेने सरकवून काढा. रक्त पातळ ठेवणारा पदार्थ त्या सोडतात म्हणून जखम बराच वेळ वाहते. धुवा, दाबून धरा.

आणखी दोन: झाडांवर खाजकुयलीच्या लवदार शेंगा दिसल्या तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला तंबू नको. आग्यामोहोळ असलेल्या झाडाखाली धूर, अत्तर, आरडाओरड नको.

१०. झोपच लागत नाही. पाठ धरते, थंडी वाजते, सकाळी तंबू आतून ओला असतो. काय चुकते?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाठ धरते ती मॅटमुळे. भाड्याच्या तंबूबरोबर येणारी पातळ मॅट एकटी पुरत नाही. तिच्यावर घरची जाड गोधडी दुमडून घाला. तंबू ठोकण्यापूर्वी त्या जागेवर स्वतः आडवे होऊन बघा. खडा कुठे टोचतो ते अंगाला लगेच कळते. किंचित उतार असेल तर डोके चढाकडे. कुशीवर झोपणाऱ्याने कमरेखालची माती थोडी उकरून खळगा केला तर फार फरक पडतो.

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. म्हणून दोन पांघरुणे असतील तर एक अंगाखाली घाला. गोव्यात जाड स्लीपिंग बॅगेची गरज नसते, तिच्यात अर्ध्या रात्री घाम फुटतो.

ओल ही गळती नव्हे. आपला श्वास थंड कापडावर जमतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की सकाळी छतावरून थेंब टपकतात. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा, बाहेरचे छत ताणून आतल्या कापडाला टेकू देऊ नका. ओले टॉवेल आत नकोत. खाली घातलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर आली असेल तर दंवाचे पाणी तिच्यावरून आत वाहते. कडा आत दुमडा.

आणि पहिल्या रात्री झोप कमीच लागते. नवीन जागेत सगळ्यांचेच तसे होते. दुसऱ्या दिवशी लांबची चाल किंवा गाडी चालवणे ठरवू नका.

११. चूल पेटवता येईल का? शेकोटीशिवाय मजा नाही.

अभयारण्यात नाही, किनाऱ्यावर नाही, आणि खासगी जागेत मालकाने ठरवलेल्या जागीच. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई आणि आसपासच्या डोंगरांवर ठिकठिकाणी वणवे लागले, दिवसचे दिवस विझत नव्हते. काजूच्या बागायती, वाळलेले गवत, वारा. त्या दिवसांत एक ठिणगी पुरते. फेब्रुवारीनंतर शेकोटी नकोच, मालक हो म्हणाला तरी. हिवाळ्यात पेटवलीत तर झोपण्याआधी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता आणि उलट्या हाताने ऊब बघा.

स्वयंपाकाला लहान गॅस शेगडी पुरते, पण तंबूच्या आत कधीच नाही. आग लागते ते एक, आणि बंद तंबूत विषारी वायू साचून झोपेतच माणूस जातो. कोळशाची शेगडी उबेसाठी आत घेणे तर थेट जिवाशी खेळ.

जेवण साधे ठेवा. पेज, सोबत तोरांचे (कोवळ्या कैऱ्यांचे) लोणचे आणि घरून करून आणलेली सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. एक टोप, एक पळी, भांडी घासायला थोडके पाणी. सकाळी पोई (गोव्याचा पाव) आणि चहा. बार्बेक्यूच्या खटाटोपात संध्याकाळ जाते आणि खरकटे उरते ते वेगळेच.

१२. पाणी व्हाळाचे पिऊ का?

उकळून. खळखळून एक मिनिट उकळी येऊ द्या. वरच्या बाजूला वस्ती, गुरे किंवा खाण असेल तर ते पाणी घेऊच नका, उकळून खाणीची घाण जात नाही. सोपे म्हणजे माणशी चार-पाच लिटर घरून न्या. कुंभारजुवेच्या कालव्यात आणि आसपासच्या खाड्यांत मगरी आहेत. तिथे काठावर भांडी घासणे, पाय सोडून बसणे नको.

१३. लहान मुलांना न्यावे का?

न्या. मुले अंधाराला घाबरत नाहीत, मोठ्यांच्या घाबरलेल्या आवाजाला घाबरतात. प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःची शिट्टी आणि टॉर्च द्या. "हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब, शिट्टी वाजव" हे घरी दोनदा खेळून दाखवा. पाण्याजवळ मात्र एका मोठ्या माणसाने दुसरे काहीही न करता फक्त मुलांवर लक्ष ठेवायचे, फोन खिशात.

१४. आम्ही तिघी मैत्रिणी आहोत. सोबत पुरुष नको. सुरक्षित आहे का?

जागा नीट निवडलीत तर हो. जिथे मालकाचे कुटुंब, विशेषतः घरातल्या बायका, हाकेच्या अंतरावर राहतात अशी जागा घ्या. रस्त्यालगतची किंवा गाडी थेट तंबूपर्यंत येणारी मोकळी जागा नको. रानातल्या जनावरापेक्षा रात्री गाडी थांबवून डोकावणारे लोक हा मोठा त्रास आहे. मुक्कामाचे ठिकाण निघेपर्यंत सोशल मीडियावर टाकू नका. घरच्या एकीला ठिकाण, मालकाचा नंबर आणि परतायची वेळ लिहून द्या. वाटेत कुणी "कुठे राहता" विचारले तर "इथेच, आमच्या लोकांकडे" एवढेच सांगा. मदतीला ११२. आणि जागा बघून मनाने नको म्हटले तर पैसे गेले तरी परत फिरा. कारण देत बसायची गरज नाही.

१५. किनाऱ्याजवळ मालकाच्या परवानगीच्या जागेत राहतोय. समुद्राची काय काळजी घ्यायची?

वाळूवर काटक्या, शेवाळ, शिंपल्यांची रेघ दिसते, तिथवर पाणी येते. तंबू त्याच्या बराच वर हवा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा आणखी वर.

भरतीचा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. मग साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. हा अंदाज आहे, तक्ता बघून खात्री करा. जीवरक्षक दिवसाच असतात. अंधार पडल्यावर समुद्रात उतरू नका, गुडघ्यापर्यंतही नाही.

माडाखाली तंबू नको, गाडीही नको. नारळ आणि सुकलेली झावळ वारा नसतानाही पडते. किनाऱ्यावरची ही सर्वात सहज टाळता येणारी इजा आहे, आणि सावलीच्या मोहाने लोक नेमके तिथेच बस्तान मांडतात.

१६. पावसाळ्यात कॅम्पिंग? धबधबे तेव्हाच तर दिसतात.

नवख्यांनी तंबूत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. एखाद्या कुळागरातल्या घरी पडवीवर झोपा, पाऊस ऐका. धबधब्यांवर वनखाते बंदी घालते ती बुडून माणसे गेल्यामुळे. खाली ऊन असताना वर घाटात पाऊस कोसळलेला असतो. व्हाळाचे पाणी अचानक गढूळ झाले, पाण्यातून काटक्या-पाने वाहू लागली किंवा आवाज बदलला तर सामान सोडून वर चढा, त्याच क्षणी. ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा असतात. सड्यावर, एकट्या झाडाखाली तंबू नको. ढग गडगडू लागले की पक्क्या घरात नाहीतर गाडीत बसा.

१७. नेटवर्क नसेल तर?

खोतीगाव, नेत्रावळी, सुर्लच्या बाजूला पुष्कळ ठिकाणी नसते. येताना शेवटची रेंज कुठे होती ती जागा लक्षात ठेवा, नकाशा आधीच उतरवून घ्या आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. गाडीत अर्धी टाकी तरी पेट्रोल हवे. गाडी बाहेर जाण्याच्या दिशेने तोंड करून लावा.

१८. मधुमेह, रक्तदाब आहे. जमेल का?

डॉक्टर हो म्हणत असतील तर जमेल. औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, इन्शुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नका. रात्री उशाशी साखर किंवा गूळ, पायात नेहमी जोडे. मधुमेहात पायाची लहान जखमही नको. हॉस्पिटल तासाभराच्या आत असेल अशीच जागा निवडा.

१९. तंबू विकत घेऊ का?

लगेच नको, दोन-तीनदा भाड्याने वापरा. घ्यायचाच तर कंपनी सांगते त्यापेक्षा एका माणसाने मोठा घ्या: तिघांसाठी चार जणांचा. आपल्या हवेत थंडीपेक्षा वारा खेळणे महत्त्वाचे, तेव्हा जाळ्या किती मोठ्या आहेत ते बघा. घरी आणल्यावर दिवसभर सुकवूनच घडी घाला. आपल्या दमट हवेत बुरशी धरलेला तंबू पुन्हा कामाचा राहत नाही.

२०. आमचा कुत्रा नेऊ का? तो राखण करील.

अभयारण्यात नेता येत नाही. बाहेरच्या रानातही नेऊ नका. बिबट्याला कुत्रा हे आवडते भक्ष्य, आणि कुत्रा धावत जाऊन गव्यावर भुंकतो, मग मालकाकडेच परत पळत येतो, मागे गवा. किनाऱ्याजवळच्या बंदिस्त आवारात चालेल, रात्री तंबूच्या आत बांधून. त्याच्या अंगावरची गोचीडही रोज बघा.

२१. रात्री दोन वाजता भीती वाटली, घरी जावेसे वाटले तर?

आधी दिवा लावा, पाणी प्या, बरोबरच्याला उठवा. गप्पा मारा, पंधरा मिनिटे थांबा. बहुतेक वेळा एवढ्यात निवळते. नाहीच निवळले तर मालकाच्या पडवीवर किंवा गाडीत झोपा, काचा बोटभर उघड्या ठेवून. त्या वेळी घाटातून गाडी काढू नका: चोर्ल्याच्या आणि मोल्याच्या रस्त्यांवर रात्री गवे वळणावर उभे असतात, आणि झोप न झालेला माणूस चाकावर असतो. उजाडल्यावर निघा. तंबू मागाहून काढता येईल.

बरोबरच्यांपैकी कुणी असे म्हटले तर त्याची थट्टा करू नका, आणि "आलोय तर रात्र काढच" असा आग्रहही नको. त्याला पुढच्या वेळी प्रश्न १ मधल्या अंगणातल्या रात्रीला बोलवा.